पोस्टडॉक असतानाच रांगेत उभे राहा: तरुण संशोधकांसाठी अमेरिकेच्या ग्रीन कार्डचे मार्ग

२०२१ च्या ऑगस्टमध्ये आमच्या लॅबमधल्या, माझ्या शेजारच्याच बाकावर काम करणाऱ्या मैत्रिणीने एनआयडब्ल्यू हा ग्रीन कार्डसाठी स्वतःच करायचा अर्ज टाकला. तेव्हा तिचे सहा पेपर होते आणि माझे सात. मी अर्ज टाकला नाही. ‘अजून दोन पेपर येऊ देत, साइटेशन थोडी वाढू देत,’ असं म्हणत राहिले आणि बघता बघता २०२४ उजाडलं, तेव्हा कुठे माझा अर्ज गेला. २०२५ मध्ये आम्हा दोघींचेही ईबी-१ या वरच्या वर्गातले अर्ज मंजूर झाले. तिने लगेच ग्रीन कार्डचा शेवटचा टप्पा भरला. मी अजून रांगेतच आहे. दोघींची जन्मभूमी भारत, काम जवळपास सारखं, मंजुरीही सारखीच. फरक फक्त पहिला अर्ज कधी टाकला, एवढाच.

ती तीन वर्षं तुमची जाऊ नयेत म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे. मी वकील नाही, गव्हाच्या तांबेऱ्यावर काम करणारी संशोधक आहे. पण गेल्या काही वर्षांत लॅबमधल्या आणि ओळखीच्या बऱ्याच मुलामुलींचे अर्ज वाचले, दुरुस्त केले, आणि नेमकं कुठे अडतं ते जवळून पाहिलं.

आधी रांग समजून घ्या

नोकरीच्या आधारावर अमेरिका वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं देते. त्यांतली २८.६ टक्के ईबी-१ ला, तेवढीच ईबी-२ ला आणि तेवढीच ईबी-३ ला. म्हणजे प्रत्येकी सुमारे चाळीस हजार. त्यावर कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा. भारतात जन्मलेल्यांच्या वाट्याला एका वर्गात वर्षाला साधारण २,८०० येतात, आणि त्यात नवरा, बायको, मुलं सगळे धरलेले असतात. दुसऱ्या देशांनी न वापरलेली कार्डं काही वर्षी आपल्याकडे वळतात, पण त्या भरवशावर बेत आखता येत नाही.

म्हणून आपल्यासाठी प्रश्न दोन आहेत आणि ते वेगळे ठेवायला हवेत. पहिला: अर्ज मंजूर होईल का? दुसरा: रांगेत माझा नंबर कधी येईल? बहुतेक जण पहिल्याचीच काळजी करत बसतात. मीही तेच केलं.

रांगेतला तुमचा नंबर म्हणजे प्रायॉरिटी डेट. आय-१४० हा मुख्य अर्ज तुम्ही स्वतः भरला किंवा विद्यापीठाने लेबर सर्टिफिकेशनशिवाय (त्या पदाला अमेरिकेतला योग्य माणूस मिळत नाही, अशी श्रम खात्याची मान्यता) भरला, तर तो इमिग्रेशन खात्याला ज्या दिवशी पोचतो ती तुमची तारीख. लेबर सर्टिफिकेशन म्हणजे पर्मच्या वाटेने गेलात, तर पर्मचा अर्ज ज्या दिवशी दाखल होतो ती. परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढतं. त्यात आपल्या देशासमोर जी तारीख छापलेली असते, तिच्या आधीची तुमची तारीख असली की नंबर लागला. २०२५ च्या मे महिन्यात भारतासाठी ईबी-२ ची तारीख होती १ जानेवारी २०१३ आणि ईबी-१ ची १५ फेब्रुवारी २०२२.

आता या सगळ्यातली सर्वांत कामाची गोष्ट. एकदा आय-१४० मंजूर झाला, की त्याची तारीख तुमची होते. पुढे दुसऱ्या वर्गात नवा अर्ज मंजूर झाला तरी तीच जुनी तारीख त्याला लावता येते. ईबी-२ मध्ये मिळवलेली तारीख ईबी-१ मध्ये चालते. माझ्या मैत्रिणीची ऑगस्ट २०२१ ची तारीख एनआयडब्ल्यूची, म्हणजे ईबी-२ ची होती. त्या रांगेत ती २०१३ वाल्यांच्या मागे उभी होती. पण ईबी-१ मंजूर होताच तीच तारीख तिने नव्या रांगेत नेली, आणि तिथे १५ फेब्रुवारी २०२२ पर्यंतच्या लोकांचा नंबर लागलेला होता. एवढी सोपी गोष्ट मला तीन वर्षं कोणी सांगितली नाही आणि मीही विचारली नाही.

मात्र तारीख मिळते ती मंजूर झालेल्या अर्जाचीच. नामंजूर झाला तर हाती काहीच लागत नाही. म्हणून लवकर टाका, पण मंजूर होण्याजोगा करून टाका.

देश धरला जातो तो जन्माचा, पासपोर्टचा नाही. मडगावात जन्मलेल्या माणसाकडे पोर्तुगालचा पासपोर्ट असला तरी तो भारताच्याच रांगेत. उलट मस्कतला किंवा कुवेतला जन्मलेली, पुढे पुण्यात वाढलेली मराठी मुलगी ओमानच्या किंवा कुवेतच्या खात्यात मोजली जाते. आणि नवराबायकोंपैकी एकाचा जन्म भारताबाहेरचा असेल, तर दुसऱ्यालाही त्या देशाची रांग वापरता येते. लग्न झालेल्यांनी हे पहिल्याच दिवशी तपासावं. एका ओळखीच्या जोडप्याच्या ध्यानात हे सहा वर्षांनी आलं.

हातात कोणता व्हिसा आहे, ते पाहा

जे-१ या देवाणघेवाणीच्या व्हिसावर असाल तर व्हिसाच्या कागदावर आणि डीएस-२०१९ या फॉर्मवर २१२(ई) या अटीचा उल्लेख आहे का, ते बघा. ती लागू असेल तर दोन वर्षं मायदेशी राहिल्याशिवाय किंवा सूट मिळवल्याशिवाय एच-१बी हा नोकरीचा व्हिसा आणि ग्रीन कार्ड, दोन्ही मिळत नाही. ही अट तीन कारणांनी लागते: सरकारी पैसा, डॉक्टरांचं क्लिनिकल प्रशिक्षण, किंवा तुमचा विषय मायदेशाच्या कौशल्य यादीत असणं. डिसेंबर २०२४ मध्ये ती यादी बदलली आणि भारताचं नाव तिच्यातून गेलं, तेही मागच्या लोकांना लागू होईल अशा रीतीने. म्हणजे निव्वळ यादीमुळे अडकलेले कितीतरी पोस्टडॉक मोकळे झाले. फुलब्राइटसारख्या सरकारी शिष्यवृत्तीवर आलेल्यांना मात्र अट तशीच आहे. आणि ही अट असली तरी आय-१४० भरता येतो, तारीखही मिळते. अडतं ते पुढच्या टप्प्यावर.

एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) आणि जे-१ वाल्यांना आणखी एक जपायचं असतं. हे व्हिसा परत जाणाऱ्यांसाठीचे. व्हिसाच्या फॉर्ममध्ये ‘तुमच्यासाठी इमिग्रंट अर्ज भरला गेला आहे का’ असा प्रश्न असतो, आणि स्वतः भरलेल्या एनआयडब्ल्यूलाही उत्तर ‘हो’च द्यावं लागतं. मुंबईला स्टॅम्पिंगला, म्हणजे पासपोर्टवर व्हिसा घ्यायला जायचं असेल तर ते आधी उरकून घ्या, परत या आणि मग अर्ज टाका. शक्य असेल तर एच-१बी वर गेल्यावर टाका. त्या व्हिसाला कायम राहण्याच्या इराद्याची अडचण नाही. विद्यापीठांच्या एच-१बी ला लॉटरीतून जावं लागत नाही, हा आपला मोठा फायदा.

दारं चार आहेत

पहिलं एनआयडब्ल्यू, म्हणजे राष्ट्रीय हितासाठी मिळणारी सूट. वर्ग ईबी-२. अर्जदार तुम्ही स्वतः. नोकरीची ऑफर नको, पीआयची, म्हणजे लॅबच्या प्रमुखाची परवानगी नको. अमेरिकेत असलंच पाहिजे असंही नाही; पुण्यात पाषाणच्या प्रयोगशाळेत बसूनही भरता येतो.

दुसरं ईबी-१बी, नामवंत प्राध्यापक आणि संशोधकांसाठी. हा अर्ज विद्यापीठाने किंवा संस्थेने भरायचा असतो.

तिसरं ईबी-१ए, असामान्य क्षमतेसाठी. पुन्हा स्वतःच भरायचा.

चौथं पर्म. त्याबद्दल एकच सांगते, कारण नव्या असिस्टंट प्रोफेसरना ते माहीत नसतं. वर्गात शिकवण्याची जबाबदारी असलेल्या पदासाठी पर्मची एक वेगळी, सोयीची पद्धत आहे. निवड रीतसर स्पर्धेतून झाली असेल तर पुन्हा जाहिरात द्यावी लागत नाही, आणि तुम्ही सर्वांत पात्र होतात एवढं दाखवलं की पुरतं. पण निवड झाल्यापासून अठरा महिन्यांच्या आत अर्ज दाखल व्हावा लागतो. पहिलं सेमिस्टर नवे कोर्स उभे करण्यात जातं, दुसरं ग्रँट लिहिण्यात, आणि मुदत टळते. रुजू झाल्याच्या पहिल्या महिन्यात आंतरराष्ट्रीय कार्यालयाला मेल टाका. पर्मचा खर्च कायद्याने नोकरी देणाऱ्यानेच करायचा असतो, तो तुमच्याकडून घेता येत नाही.

पहिला अर्ज: एनआयडब्ल्यू

पोस्टडॉकच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात बहुतेकांना हाच अर्ज करण्याजोगा असतो. त्याच्या कसोट्या २०१६ च्या डिसेंबरमधल्या ‘मॅटर ऑफ धनासर’ या निर्णयातून आल्या. तो अर्जदारही आपल्यासारखाच विद्यापीठातला संशोधक होता, एरोस्पेस इंजिनिअरिंगमधला. आधी नामंजूर झालेला त्याचा अर्ज अपिलात मंजूर झाला. तीन गोष्टी दाखवायच्या असतात: तुम्ही जे करणार आहात त्यात दम आहे आणि ते देशाच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे, ते पुढे नेण्याची तुमची तयारी आहे, आणि नोकरीच्या ऑफरची व लेबर सर्टिफिकेशनची अट तुमच्यापुरती सोडण्यात अमेरिकेचा फायदा आहे.

सगळ्यात जास्त अर्ज पहिल्याच कसोटीवर पडतात. कारण आपण विषयाचं महत्त्व सांगतो आणि आपल्या कामाचं सांगायचं राहून जातं. कॅन्सर महत्त्वाचा आहे हे अधिकाऱ्याला माहीत आहे. तुम्ही नेमकं काय करणार, हे त्याला माहीत नाही.

माझ्याच पहिल्या मसुद्यातलं वाक्य असं होतं: ‘मी गव्हाच्या रोगांवरचं संशोधन अमेरिकेत पुढे चालू ठेवणार आहे.’ वाचणाऱ्याला यातून काहीच कळत नाही. दुरुस्तीनंतर ते साधारण असं झालं: ‘खोडावरच्या तांबेऱ्याच्या बुरशीचे नवे प्रकार शेतातल्या पानाच्या तुकड्यावरून ओळखणारी चाचणी मी तयार करते आहे. १९९८ मध्ये युगांडात आढळलेल्या यूजी९९ या प्रकाराने जुन्या प्रतिकारक वाणांची मात्रा चालेनाशी केली. तसा प्रकार अमेरिकेत पोचला तर तो पसरण्याआधी सापडावा, यासाठी ही चाचणी.’ त्यापाठोपाठ पुढच्या तीन वर्षांत कोणत्या टप्प्यावर काय होईल, कोणाबरोबर, कोणत्या पैशावर. मग पुरावा: कृषी खात्याचं अनुदान, वाण तयार करणाऱ्या गटांची पत्रं, त्या रोगाबद्दल सरकारी अहवालांत काय म्हटलं आहे त्याची पानं.

असं वाक्य सुचायला मला दोन आठवडे लागले. तुम्हीही तेवढे द्या. वाक्य जमलं की बाकीचा अर्ज त्याच्याभोवती उभा राहतो. एक युक्ती सांगते: ते वाक्य आईला किंवा शाळेतल्या मित्राला फोनवर मराठीत सांगून बघा. ‘म्हणजे काय करणार?’ असा प्रश्न परत आला, तर अजून नेमकं व्हायचं आहे. अर्ज वाचणारा अधिकारी तुमच्या विषयातला नसतो.

दुसऱ्या कसोटीसाठी तुमची आजवरची कामगिरी. पेपर, साइटेशन, परिषदांतली भाषणं, पेटंट, ग्रँटमधला तुमचा वाटा. साइटेशन किती लागतात, असं सगळे विचारतात. कायद्यात आकडा कुठेही नाही. शंभर साइटेशन गणितात खूप होतात आणि मशीन लर्निंगमध्ये थोडी. म्हणून तुमचा पेपर त्या वर्षीच्या, त्या विषयातल्या पेपरांत वरच्या किती टक्क्यांत बसतो, ते दाखवा. त्याहूनही परिणाम होतो तो तुमचं काम कोणी कसं वापरलं हे दाखवल्याने. तुम्हाला साइट करणारे पेपर एकेक उघडा. प्रस्तावनेत आठ नावांच्या रांगेत तुमचं नाव आहे, की ‘आम्ही अमुक यांच्या पद्धतीने मोजमाप केलं’ असं लिहिलं आहे? दुसऱ्या प्रकारची चार-पाच उदाहरणं शोधून ती ओळ पिवळ्या रंगाने रंगवून जोडा. कंटाळवाणं काम आहे, पण यानेच अर्जाला वजन येतं.

आता शिफारसपत्रं. पाच ते सात पुरतात. त्यातली निम्मी तरी अशा लोकांची हवीत ज्यांनी तुमच्याबरोबर कधी काम केलेलं नाही, फक्त तुमचं काम वाचलं किंवा वापरलं आहे. पीआय आणि गाइड कौतुक करणारच, हे अधिकाऱ्यालाही कळतं. अनोळखी प्राध्यापकाला पत्र मागायला आपल्या मुलांना फार संकोच वाटतो. मला तर एक मेल पाठवायला चार दिवस लागले होते. लहान मेल लिहा: तुम्ही माझा अमुक पेपर तुमच्या अमुक पेपरमध्ये वापरला, त्याबद्दल पत्र द्याल का, मसुदा मी पाठवते. दहांना विचारलं तर चार-पाच जण हो म्हणतात.

मसुद्यात विशेषणं नकोत. ‘अतिशय हुशार, मेहनती, आपल्या क्षेत्रातली आघाडीची संशोधक’ हे वाक्य प्रत्येक पत्रात असतं. त्याऐवजी असं: ‘आमच्या प्रयोगशाळेत बुरशीचा प्रकार ओळखायला रोपं वाढवून तीन आठवडे थांबावं लागे. तिची पद्धत वापरायला लागल्यापासून तेच काम दोन दिवसांत होतं.’ पत्र देणाऱ्याने स्वतः पाहिलेली एक गोष्ट दहा विशेषणांपेक्षा मोठी. आणि सगळी पत्रं एकाच साच्याची वाटू देऊ नका. प्रत्येकाने तुमच्या कामाचा वेगळा पैलू सांगावा, स्वतःच्या भाषेत.

फॉर्म भरताना पाय घसरतो तो बारीक जागी. आय-१४० सोबत ईटीए-९०८९ चं परिशिष्ट ए आणि सही केलेला फायनल डिटरमिनेशनचा फॉर्म जोडावा लागतो. पर्म करायचं नाही म्हणून पुष्कळ जण तो वगळतात. १ एप्रिल २०२४ पासून आय-१४० ची फी ७१५ डॉलर आहे. शिवाय असायलम प्रोग्रॅम फी वेगळी भरायची. स्वतः अर्ज करणाऱ्याला ती ३०० डॉलर. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीपासून कागदी चेक चालत नाही, कार्डाने किंवा बँक खात्यातून पैसे द्यायचे. पाकीट पाठवण्याच्या दिवशी फी आणि फॉर्मची आवृत्ती सरकारी संकेतस्थळावर पुन्हा एकदा बघा. एवढ्यासाठी अर्ज परत येतो आणि महिना जातो.

भारतातून पीएचडी किंवा एमएस्सी असेल तर ती अमेरिकेतल्या कोणत्या पदवीच्या तोडीची आहे, याचं मूल्यमापन करून घ्या.

लवकर निकाल मिळावा म्हणून प्रीमियम प्रोसेसिंगवर सुमारे तीन हजार डॉलर खर्च करायचे का? एनआयडब्ल्यूला त्यात कामकाजाच्या ४५ दिवसांत उत्तर मिळतं. पण तारीख तर अर्ज पोचल्याच्या दिवसाचीच मिळणार, त्यामुळे भारतीयांना घाई करून रांगेत काही फायदा नाही. पोस्टडॉकच्या पगारात तीन हजार म्हणजे दोन महिन्यांचं भाडं. मी भरले नाहीत. मात्र एच-१बी ची सहा वर्षं संपत आली असतील, किंवा जोडीदाराला एच-४ वर (एच-१बी वाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) काम करण्याचा परवाना हवा असेल, तर भरा. दोन्हीसाठी मंजूर आय-१४० कामी येतो. मंजुरी हाती असली आणि नंबर लागायचा असला, की एच-१बी सहा वर्षांनंतरही तीन-तीन वर्षांनी वाढत राहतो. आणि हा अर्ज तुमचा स्वतःचा असल्यामुळे ग्रँट संपली, लॅब बंद झाली, तरी तो तुमच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही. पोस्टडॉकला हा आधार किती मोठा असतो, ते ज्याची ग्रँट संपली आहे त्यालाच कळेल.

नोकरी पक्की करतानाच ईबी-१बी विचारा

भारतीय संशोधकाला लवकर पोचवणारी वाट ईबी-१ चीच. तिच्यातलं ईबी-१बी हे ईबी-१ए पेक्षा सोपं, पण विद्यापीठाची साथ लागते. सहा निकषांपैकी दोन पुरे करायचे. संशोधन लेख आणि पीअर रिव्ह्यू (नियतकालिकासाठी दुसऱ्यांचे पेपर तपासणं) हे दोन तर बहुतेकांकडे असतातच. मूळ योगदान हा तिसरा जोडायचा प्रयत्न करावा. शिकवण्याचा किंवा संशोधनाचा तीन वर्षांचा अनुभव हवा. पीएचडीच्या काळातलं संशोधन त्यात धरता येतं, पण पदवी मिळालेली हवी आणि ते काम क्षेत्रात नावाजलेलं असावं.

अडतं ते ‘कायम स्वरूपाच्या पदा’वर. टेन्युअर-ट्रॅक, म्हणजे पुढे कायम होऊ शकणारं प्राध्यापकपद चालतं. संशोधनाचं पद असेल तर ते मुदतीने बांधलेलं नको. करार दर वर्षी नवा होत असला तरी काम पुढे चालू राहण्याची अपेक्षा असावी. पोस्टडॉक हे नावच प्रशिक्षणाचं असल्याने पुष्कळ विद्यापीठं पोस्टडॉकसाठी हा अर्ज भरत नाहीत. म्हणून रिसर्च सायंटिस्ट किंवा रिसर्च असिस्टंट प्रोफेसर असं पद मिळतंय का, हे पीआयशी बोला. पगार तोच राहिला तरी पदनाम बदललं की हे दार उघडू शकतं.

ऑफर लेटरवर सही करण्याआधी चार प्रश्न लेखी विचारा: तुम्ही ग्रीन कार्डचा अर्ज भरता का? कोणत्या वर्गात? रुजू झाल्यावर किती दिवसांनी? खर्च कोणाचा? सही झाल्यावर विचारलं तर उत्तर ‘बघू’ असं येतं. माझ्या एका मित्राला तोंडी ‘नक्की करू’ म्हणून सांगितलं गेलं, आणि तीन वर्षांनी धोरण बदलल्याचं कळवलं. लेखी काहीच नव्हतं.

ईबी-१ए: घाई नको, पण तयारी आजपासून

दहापैकी तीन निकष, हे सगळ्यांना पाठ असतं. पण तीन भरले म्हणजे झालं नाही. २०१० च्या कझारियन या न्यायालयीन निकालानंतर दोन पायऱ्यांनी तपासणी होते. आधी निकष मोजतात, मग सगळा पुरावा एकत्र ठेवून विचारतात: हा माणूस खरोखर आपल्या क्षेत्रात अगदी वरच्या थोड्यांपैकी आहे का? संशोधकांकडे लेख, पीअर रिव्ह्यू आणि मूळ योगदान हे तीन असतात. अर्ज पडतो तो तिसऱ्यावर आणि शेवटच्या पायरीवर. तिथे तुमच्या कामाने क्षेत्रात काय बदललं, हेच दाखवावं लागतं.

तयारी म्हणजे एक फोल्डर. आजच उघडा. रिव्ह्यू पूर्ण केल्यावर संपादकाचा आभाराचा मेल येतो, तो त्यात टाका; नुसतं आमंत्रण पुरत नाही, काम पूर्ण केल्याचा पुरावा लागतो. परिषदेची आमंत्रणं, तुमच्या कामावर आलेली बातमी, कोणी प्रोटोकॉल मागितल्याचे मेल, सगळं. विद्यापीठ सोडताना ईमेल खातं बंद होतं आणि हा पुरावा त्याबरोबर जातो. माझे २०१९ ते २०२१ मधले सगळे रिव्ह्यूचे मेल असेच गेले; मग एकेका संपादकाला लिहून पुन्हा मिळवावे लागले.

पैसे भरून मिळणारे पुरस्कार आणि फी भरली की कोणालाही मिळणारी सदस्यत्वं विकत घेऊ नका. समाजमाध्यमांवर त्यांच्या जाहिराती फिरतात. अधिकारी ते ओळखतात, आणि एका खोट्या पुरस्कारामुळे तुमच्या खऱ्या कामावरही संशय येतो. इतक्या वर्षांच्या मेहनतीला असा डाग लावून घेऊ नका, ही कळकळीची विनंती.

आरएफई आली तर

जास्तीचा पुरावा मागणारं पत्र म्हणजे आरएफई. एनआयडब्ल्यूच्या मंजुरीचं प्रमाण २०२२ नंतर बरंच उतरलं आहे, त्यामुळे ती आली म्हणून हातपाय गाळू नका. उत्तराला बारा आठवड्यांपर्यंत मुदत असते आणि उत्तर एकदाच, एकत्र द्यायचं. पत्र छापून घ्या, अधिकाऱ्याच्या प्रत्येक वाक्यासमोर आकडा टाका आणि त्याच क्रमाने उत्तर द्या. पुराव्याची कसोटी ‘असण्याची शक्यता नसण्यापेक्षा जास्त’ एवढीच आहे, निःसंशय सिद्ध करायची नाही. अर्ज केल्यानंतरची नवी कामगिरी जुन्याच्या पुष्टीसाठी जोडता येते, पण अर्जाच्या दिवशी तुम्ही पात्र होतात हे आधीच्याच पुराव्यावर उभं राहायला हवं.

नंबर लागण्याआधी गावाकडचे कागद

तारीख आली की आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज भरायचा. फी १,४४० डॉलर, आणि डिसेंबर २०२४ पासून वैद्यकीय तपासणीचा लिफाफा अर्जासोबतच द्यावा लागतो. भारतात असाल तर मुंबईच्या वकिलातीतून व्हिसाच्या वाटेने. दोन्हीकडे खरी धावपळ होते ती जन्मदाखल्यासाठी.

आपल्याकडे पुष्कळांच्या दाखल्यावर बाळाचं नावच नसतं. बारशाआधी नोंद झालेली असते: ‘मुलगी’, आईचं नाव, वडिलांचं नाव, तारीख. माझ्या दाखल्यावर तसंच होतं, शिवाय आईचं नाव माहेरचं. नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नाव चढवून घेता येतं, पण त्याला शाळा सोडल्याचा दाखला, आईवडिलांची ओळखपत्रं आणि कोणीतरी दोन-तीन फेऱ्या मारणारं लागतं. बाबांनी माझ्यासाठी त्या फेऱ्या भर मे महिन्यात मारल्या. नोंदच सापडत नसेल तर अनुपलब्धतेचा दाखला घ्या, आणि सोबत शाळा सोडल्याचा दाखला व तुमचा जन्म माहीत असलेल्या दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं. आत्या, मामा, आईवडील कोणीही चालतात, फक्त त्यात जन्मतारीख, गाव आणि आईवडिलांची पूर्ण नावं स्पष्ट हवीत.

नावांचाही घोळ असतो. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे, पदवीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, लग्नानंतर नवऱ्याचं नाव मधे, पेपरांवर नुसती आद्याक्षरं. सगळी रूपं एकाच व्यक्तीची आहेत असं सांगणारं प्रतिज्ञापत्र करून ठेवा, आणि विवाह नोंदणीचा दाखला काढलेला नसेल तर काढा. मराठी कागदाचं इंग्रजी भाषांतर दोन्ही भाषा येणारी कोणीही व्यक्ती करू शकते. भाषांतर पूर्ण व अचूक आहे आणि आपल्याला ते करता येतं, असं लिहून तिने सही करायची. नोटरीची गरज नाही.

पुढच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा कपाटातली ती जुनी फाइल काढा आणि दाखल्यावर तुमचं नाव आहे का, तेवढं बघून या.